जखमी आणि अनाथ वन्यजीवांना मदत करताना: महाराष्ट्रातील नव्या स्वयंसेवकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मांजात अडकलेली घार, उसाच्या फडात सापडलेली पिल्ले किंवा कुत्र्यांच्या तावडीतून सुटलेले उदमांजर समोर आले की मदत करावी असे कोणालाही वाटते. अडचण असते ती पुढच्या अर्ध्या तासाची. मूळ जखमेतून वाचू शकला असता असा प्राणी या वेळात घाईने पाजलेल्या पाण्यामुळे, प्रेमाने भरवलेल्या दूधभातामुळे किंवा भोवती जमलेल्या गर्दीच्या धास्तीने दगावतो, हे बचावकार्यात वावरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्यावी. प्राण्याला बरे करणे हे नव्या स्वयंसेवकाचे काम नाही; तो जिवंत आणि शक्य तितका कमी घाबरलेला अशा अवस्थेत योग्य हातांत पोहोचवणे हे त्याचे काम आहे. पुढचे सर्व टप्पे याच कामाचे आहेत.

१. कायदा आधी, उत्साह नंतर

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ‘शिकार’ या शब्दात केवळ मारणे येत नाही, तर वन्यप्राण्याला पकडणे आणि सापळ्यात अडकवणेही येते. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय असा प्राणी स्वतःजवळ ठेवता येत नाही, आणि शासनाची मालमत्ता ठरणारा वन्यप्राणी ज्याच्या ताब्यात येतो त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवणे कलम ३९ नुसार बंधनकारक आहे. ‘दोन दिवस आहेत, तोवर घरीच ठेवू’ असा याचा अर्थ अनेकजण काढतात. तो चुकीचा आहे. हेतू कितीही चांगला असला तरी वनविभागाला न कळवता घरात ठेवलेले पोपटाचे पिल्लू किंवा कासव तुम्हाला कायद्याच्या अडचणीत आणू शकते. शिवाय त्या प्राण्याचेही नुकसान होते ते वेगळेच.

या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पूर्वीच्या सहा अनुसूचींच्या (कायद्याला जोडलेल्या प्रजातींच्या याद्यांच्या) जागी आता चार आहेत. मोबाइलवर फिरणाऱ्या जुन्या याद्या पाहून ‘हा प्राणी अनुसूचीत नाही, त्यामुळे चालेल’ असा निष्कर्ष काढू नये.

२. संस्थेशी किंवा वनविभागाशी आधी जोडून घ्या

एकट्याने, स्वतःच्या जबाबदारीवर बचावकार्य सुरू करू नये. तुमच्या जिल्ह्यात वनविभागासोबत काम करणारी संस्था कोणती, वन्यप्राण्यांवर उपचार करणारे केंद्र कुठे आहे आणि तुमचा भाग कोणत्या वनपरिक्षेत्रात येतो, या तीन प्रश्नांची उत्तरे पहिला प्राणी सापडण्यापूर्वी हाताशी हवीत. पुण्यात बावधन येथे आणि नागपुरात सेमिनरी हिल्स येथे वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्रे आहेत, जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, आणि समुद्री कासवांवर डहाणूत उपचार होतात. इतर ठिकाणी बहुतेक वेळा शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर आणि वनपरिक्षेत्र अधिकारी यांच्या समन्वयानेच काम चालते. त्यामुळे या दोघांशी आधीच ओळख करून घ्यावी.

सोबत ठेवायची कागदपत्रे मोजकीच, पण ती खरोखर सोबत असली पाहिजेत:

- स्वतःचे ओळखपत्र आणि संस्थेचे पत्र किंवा ओळखपत्र
- वनरक्षक, वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी, पशुवैद्य आणि अग्निशमन दल यांच्या क्रमांकांची कागदावर लिहिलेली यादी
- बचाव नोंदीचे कोरे अर्ज: तारीख, वेळ, नेमके ठिकाण, कोणी कळवले, प्राणी कोणत्या अवस्थेत होता, काय केले
- प्राणी सुपूर्द केल्याची पोच. तिची एक प्रत स्वतःकडे ठेवावी

नेमके ठिकाण लिहिण्याचा कंटाळा करू नये. ‘हायवेजवळ’ असे लिहिलेली नोंद काही उपयोगाची नसते, कारण बरा झालेला प्राणी बहुधा त्याच परिसरात सोडायचा असतो. कोणत्या झाडाखाली, कोणत्या गटाच्या बांधावर, कोणत्या किलोमीटरच्या दगडाजवळ, इतके लिहावे. जमल्यास मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपावेत.

साहित्यात झाकण असलेले पुठ्ठ्याचे खोके वेगवेगळ्या मापांत, जाडे सुती टॉवेल, वेल्डिंगसाठी वापरतात तसे चामड्याचे लांब हातमोजे, डोळ्यांना संरक्षक चष्मा, बोथट टोकाची कात्री, डोक्याला बांधायची विजेरी, गरम पाण्याची पिशवी, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा, चिकटपट्टी आणि मार्कर एवढे पुरेसे होते. टॉवेल धाग्यांची कडी सुटलेला नसावा. त्यात नख्या अडकतात.

३. स्वतःची काळजी: ही पायरी ओलांडू नये

सस्तन प्राण्यांशी संबंध येणार असेल तर रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी घ्यावी. मुंगूस, कोल्हा, उदमांजर, माकड किंवा वटवाघूळ यांपैकी कोणीही चावले अथवा ओरबाडले, तर जखम कितीही किरकोळ वाटली तरी ती साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लगेच रुग्णालय गाठावे. पूर्वी लस घेतली असली तरीही पुढचे डोस लागतात. जखमेवर हळद, चुना किंवा तिखट लावू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही आठवण ठेवावी. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले किंवा मरणासन्न दिसले तर कशालाही हात न लावता वनविभागाला आणि पशुसंवर्धन विभागाला कळवावे, कारण तिथे संसर्गजन्य रोगाची शक्यता असते.

४. मदतीची खरोखर गरज आहे का, ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे थोडे थांबावे. केंद्रांत ‘अनाथ’ म्हणून आणली जाणारी बरीचशी पिल्ले अनाथ नसतात. त्यांना आपणच आईपासून तोडलेले असते.

जमिनीवर पक्ष्याचे पिल्लू दिसले तर आधी त्याची पिसे पाहावीत. अंगावर पिसे नसतील, डोळे मिटलेले असतील, तर ते घरट्यातून पडलेले आहे आणि घरटे हाताच्या अंतरावर असेल तर ते परत ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज पक्ष्यांच्या बाबतीत खरा नाही. घरटेच मोडले असेल तर तळाला भोके असलेल्या लहान टोपलीत वाळके गवत घालून ती त्याच झाडाला, उन्हापावसाच्या आड, घट्ट बांधावी आणि दूरवरून दोन तास लक्ष ठेवावे. आपण जवळ उभे राहिलो तर आई येतच नाही, आणि मग ‘आई आलीच नाही’ असे म्हणून आपण पिल्लू उचलतो.

पिसे आलेली, शेपूट आखूड असलेली, उड्या मारत फिरणारी पिल्ले ही उडायला शिकणारी पिल्ले असतात. साळुंकी, बुलबुल, कावळा यांची पिल्ले असे काही दिवस जमिनीवर किंवा झुडपात काढतात आणि त्यांचे पालक त्यांना तिथेच येऊन भरवतात. त्यांना मांजर-कुत्र्यांपासून थोडे उंच, जवळच्या फांदीवर ठेवणे एवढीच मदत पुरते. टिटवीची पिल्ले तर अंड्यातून बाहेर पडल्यावर लगेचच आईमागे चालू लागतात. ती माळावर एकटी दिसली तरी आई वरून ओरडत घिरट्या घालत असते. कावळ्यांच्या मागे लागून अन्न मागणारे ठिपकेदार वेगळेच पिल्लू दिसले तर ते बहुधा कोकिळेचे असते आणि कावळेच त्याला वाढवत असतात.

सस्तन प्राण्यांचेही तसेच आहे. ससा आपल्या पिल्लांना गवतातल्या उथळ खळग्यात ठेवून दिवसभर दूर राहतो आणि दिवसातून एकदोनदाच पाजायला येतो. आईची सततची ये-जा शिकाऱ्याला वाट दाखवेल, म्हणून ही व्यवस्था आहे. चिंकारा आणि काळवीट यांच्या माद्याही पाडसाला गवतात लपवून चरायला जातात. निपचित पडलेले, डोळे उघडे, अंगावर जखम नसलेले पाडस दिसले तर त्याचा फोटोही न काढता तिथून निघून जावे.

ऊसतोडीच्या हंगामात सापडणाऱ्या पिल्लांचा प्रश्न वेगळ्याने सांगावा लागतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत बिबट्याची मादी उसातच पिल्लांना जन्म देते आणि तोड जवळ आली की पिल्ले उघडी पडतात. पण सापडलेले प्रत्येक पिल्लू बिबट्याचे नसते. रानमांजराची आणि वाघाटी या लहान जंगली मांजराची पिल्लेही त्याच फडात सापडतात आणि लोक त्यांना बिबट्याची समजून घाबरतात. कोणतीही असोत, उपाय एकच. तोड थांबवावी, माणसे लांब न्यावीत आणि वनविभागाला बोलवावे. तपासणीनंतर पिल्ले निरोगी असतील तर संध्याकाळी त्याच जागी उघड्या खोक्यात ठेवून दूरवरून कॅमेऱ्याने नजर ठेवली जाते, आणि मादी रात्रीतून येऊन त्यांना एकेक करून घेऊन जाते. पिल्ले गावात किंवा शहरात नेली तर ही संधी गेली. पिल्लांजवळ मादी आसपासच असते, हे तिथे जमलेल्या लोकांना स्पष्टपणे सांगावे.

मदत नक्की लागते ती अशा वेळी: रक्त वाहत असेल, पंख किंवा पाय लोंबत असेल, प्राणी अंगावर माश्या बसल्या तरी हलत नसेल, आई मेलेली डोळ्यांनी पाहिली असेल, किंवा मांजराने तोंडात धरले असेल. मांजराच्या बाबतीत जखम दिसली नाही तरी पशुवैद्य गाठावा, कारण तिच्या दातांतून जाणारे जिवाणू लहान पक्ष्याला एकदोन दिवसांत मारू शकतात.

५. आधी फोन, मग हात

महाराष्ट्र वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे. फोनवर प्राणी कोणता, कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहे, तिथे गर्दी किंवा वाहतूक आहे का, एवढेच सांगावे आणि सूचना ऐकाव्यात. उंच झाडावर अडकलेल्या पक्ष्यासाठी अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे. विजेच्या तारेवर अडकलेल्या पक्ष्याला बांबूने, काठीने काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. वीज कंपनीने प्रवाह बंद केल्याशिवाय त्या खांबाजवळही जाऊ नये.

काही प्राण्यांना नव्या स्वयंसेवकाने हातच लावायचा नाही: सर्व साप, बिबट्या, तरस, रानडुक्कर, गवा, मगर, माकड आणि वटवाघूळ. साप दिसला तर माणसांना मागे घ्यावे, सापावर दुरून नजर ठेवावी आणि वनविभागाच्या संपर्कातील प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवावे. बिनविषारी धामण आणि विषारी नाग यांत भल्याभल्यांची गल्लत होते. बिबट्या विहिरीत पडला असेल तर तुमचे खरे काम विहिरीच्या काठावरची गर्दी हटवणे हे आहे. बाज किंवा शिडी सोडणे, पिंजरा लावणे हे वनविभागाचे पथक करते.

हरीणवर्गीय प्राण्यांबद्दल विशेष इशारा द्यायला हवा. पाठलाग, आरडाओरडा आणि झटापट यांमुळे त्यांच्या स्नायूंची आतल्या आत झीज होते आणि प्राणी पकडल्यावर काही तासांत किंवा दिवसांत मरतो. वरवर एक ओरखडाही दिसत नाही. त्यामुळे चिंकारा किंवा भेकर यांच्या मागे धावू नये. वनविभागाच्या सूचनेने हाताळणे भागच पडले तर सर्वांत आधी डोळ्यांवर कापड टाकावे आणि कोणीही बोलू नये.

६. पक्षी पकडण्याची पद्धत

मागच्या बाजूने, खाली वाकून, सावकाश जावे आणि टॉवेल डोक्यासह पूर्ण अंगावर टाकावा. अंधार झाला की बहुतेक पक्षी शांत होतात. पंख अंगालगत मिटवून दोन्ही हातांनी धरावे, पण छातीवर दाब देऊ नये. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढेमागे होऊनच त्यांचा श्वास चालतो, त्यामुळे मुठीत घट्ट आवळलेला लहान पक्षी जखमेने नव्हे तर गुदमरून मरतो.

कोणता पक्षी कशाने इजा करतो हे माहीत असावे. घार, शिक्रा आणि घुबड यांची चोच नव्हे, तर पायांच्या नख्या धोकादायक असतात. आधी पाय ताब्यात घ्यावेत. बगळा, ढोकरी यांचे उलट असते. ते मान आखडून अचानक समोरच्याच्या डोळ्यावर चोच मारतात, म्हणून चष्मा आणि हाताची लांबी, दोन्ही पाळावेत.

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी संक्रांतीच्या आसपास पंख कापलेल्या घारी आणि घुबडे येतच राहतात. अडकलेल्या घारीकडे जाताना पहिली चूक होते ती मांजा ओढण्याची. काच लावलेला दोरा ओढला की तो पंखाच्या पुढच्या पातळ पडद्यात आणखी खोल जातो, आणि तो पडदा फाटला की पक्षी पुन्हा उडेल याची खात्री राहत नाही. म्हणून एकाने टॉवेलाखाली पक्षी आधार देऊन धरावा, जेणेकरून त्याचे वजन दोऱ्यावर पडणार नाही, आणि दुसऱ्याने झाडाकडचा दोरा कात्रीने कापावा. जखमेत रुतलेला दोरा तिथे काढू नये. वीतभर टोक ठेवून तसाच राहू द्यावा. तो पशुवैद्य काढतील. उरलेला मांजा झाडावरून काढता येईल तितका काढून, कापून कचऱ्यात टाकावा; नाहीतर दुसऱ्या दिवशी त्यात दुसरा पक्षी अडकतो.

७. ऊब, अंधार, शांतता

प्राणी खोक्यात ठेवला की बचावाचा सर्वांत महत्त्वाचा भाग सुरू होतो, आणि तो म्हणजे काहीही न करणे. खोक्याला आधीच, म्हणजे प्राणी आत ठेवण्यापूर्वी, आतून बाहेर अशी भोके पाडावीत. तळाला टॉवेल घालावा, म्हणजे पाय घसरत नाहीत. पक्ष्याला तारेच्या पिंजऱ्यात ठेवू नये. धडपडीत शेपूट आणि उड्डाणाची पिसे मोडतात, आणि ती नव्याने येईपर्यंत पक्षी महिनोन्महिने अडकून पडतो.

लहान पिल्ले स्वतःचे तापमान राखू शकत नाहीत. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवावी, म्हणजे जास्त ऊब झाली तर पिल्लाला सरकायला जागा राहते. मोठ्या, उन्हाने कोसळलेल्या पक्ष्याला मात्र ऊब नको, सावली हवी. एप्रिल-मेमध्ये अशा घारी खूप मिळतात. त्यांच्यावर थंड पाणी ओतू नये, पाय फक्त ओलसर करावेत.

वाहनात गाणी, मोठ्याने बोलणे, खोके उघडून पाहणे आणि सेल्फी बंद. माणसाचा चेहरा हा वन्यप्राण्याला धीर देणारा नसतो. त्याच्या दृष्टीने आपण शिकारी आहोत, आणि कुरवाळल्यावर तो शांत झाला असे वाटते तेव्हा तो बहुधा भीतीने थिजलेला असतो.

८. पाणी पाजू नका, भरवू नका

हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, आणि दयेपोटीच मोडला जातो. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. चोच उघडून ड्रॉपरने सोडलेले पाणी थेट फुप्फुसात जाते. शुद्धीवर असलेल्या मोठ्या पक्ष्यासमोर उथळ वाटीत पाणी ठेवायला हरकत नाही. तोंडात घालायचे नाही.

पक्ष्यांना दूध पचत नाही. पाव, भात, फरसाण यांनी पिल्लांचे पोट भरते पण हाडे वाकडी होतात, कारण त्यांना लागणारे कॅल्शियम त्यात नसते. सस्तन पिल्लांना गाईच्या दुधाने जुलाब लागतात. शिवाय थंड पडलेल्या पिल्लाला काहीही भरवले तर ते पचतच नाही. आधी ऊब, मग शरीरातले पाणी भरून काढणे, मग अन्न, असा क्रम असतो आणि तो पशुवैद्याने ठरवायचा असतो.

घरातली वेदनाशामक गोळी देण्याचा मोह टाळावा. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडे कशी नष्ट होत गेली हे आता सर्वज्ञात आहे. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये आणि असेक्लोफिनॅक व केटोप्रोफेनवर २०२३ मध्ये भारतात बंदी आली. माणसाला चालणारे औषध पक्ष्याचे मूत्रपिंड निकामी करू शकते.

कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात जखमी किंवा अशक्त ऑलिव्ह रिडले कासवे वाहून येतात. त्यांना परत समुद्रात ढकलू नये. ती पोहू शकत नाहीत म्हणूनच किनाऱ्याला लागलेली असतात. सावलीत ठेवून, नाकपुड्या मोकळ्या राहतील अशा बेताने पाठीवर ओले फडके टाकावे आणि वनविभागाची वाट पाहावी.

९. केंद्रातले काम

प्राणी सुपूर्द झाल्यावर काही स्वयंसेवकांना केंद्रात मदतीला बोलावले जाते. तिथे बहुतेक वेळ पिंजरे धुणे, टॉवेल उकळणे, खाद्य कापणे आणि वजने लिहिणे यात जातो, आणि या वजनांना फार महत्त्व आहे. रोज ठरावीक वेळी, भरवण्यापूर्वी घेतलेले वजन दोन दिवस सलग घसरले तर पिल्लू आजारी आहे हे बाह्य लक्षणांआधीच कळते.

पिल्लांना माणसाची सवय लागू न देणे हे इथले सर्वांत कठीण पथ्य आहे. पिल्लाशी बोलू नये, त्याला नाव ठेवू नये, एकाच जातीची पिल्ले शक्यतो एकत्र वाढवावीत. घुबडाच्या पिल्लाला भरवताना चेहरा कापडाने झाकून, चिमट्याने खाद्य देण्याची पद्धत आहे ती यासाठीच. माणसाला आपला मानणारे घुबड सोडल्यावर माणसांकडेच येते, आणि अशुभ पक्षी म्हणून त्याच्यावर दगड पडण्याची किंवा अंधश्रद्धेपोटी बळी दिला जाण्याची भीती असते.

१०. परत निसर्गात

सोडण्याचा निर्णय पशुवैद्य आणि वनविभाग घेतात. शिकारी पक्षी मोठ्या पिंजऱ्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न धापता, वळणे घेत उडतो का, स्वतः भक्ष्य पकडतो का, माणूस दिसताच दूर पळतो का, हे पाहिले जाते. पाणपक्ष्यांची पिसे पाणी झटकतात का, हेही तपासतात. घार, घुबड किंवा उदमांजर जिथे सापडले तिथेच, त्याच्या ओळखीच्या हद्दीत सोडावे. ‘चांगले जंगल’ शोधून दूर नेलेल्या प्राण्याला तिथले पाणी, आसरा आणि प्रतिस्पर्धी यांतले काहीच माहीत नसते. दिवसा फिरणारे प्राणी सकाळी, निशाचर संध्याकाळी सोडावेत, आणि पावसाची झड किंवा वादळ असेल तर एकदोन दिवस थांबावे.

सोडताना प्राणी हवेत उडवू नये. खोके जमिनीवर किंवा उंच दगडावर ठेवून झाकण उघडावे, बाजूला व्हावे आणि त्याला त्याच्या वेळेने बाहेर येऊ द्यावे. त्यानंतरचे तीनचार दिवस परिसरात लांबून फेरी मारावी. पक्षी एकाच जागी पिसे फुगवून बसलेला आढळला तर पुन्हा केंद्राला कळवावे. सोडल्याची तारीख, वेळ, ठिकाण आणि शेवटचे वजन त्याच अर्जावर लिहून तो बंद करावा. प्राणी वाटेत किंवा उपचारादरम्यान दगावला तरी अर्ज अर्धवट सोडू नये. मृतदेह न पुरता वनविभागाच्या ताब्यात द्यावा, शवविच्छेदनाचा निष्कर्ष मागून घ्यावा आणि तो नोंदीला जोडावा.